आर

पहिला बैल पोस्टर कलरचा.
शिंगं नारंगी, डोळ्यात पांढरा ठिपका,
खाली ठळक अक्षरांत: यालाही दुखते.
आई म्हणाली, छान झाला,
पोळ्याला दारावर लावू.

दुसरा कोळशाचा.
चुलीतलाच, बाभळीचा.
पाठीचा कणा एका दमात ओढला
आणि माझंच मनगट फिरलं त्यावरून.
उरला तो ढग. ढगाला काय दुखणार?

तिसऱ्यासाठी पळस उकळला,
होळीनंतर आईनं डब्यात वाळवून ठेवलेला.
रंग सुरेख आला.
जखमेला इतका सुरेख रंग देऊ नये
एवढं त्या कागदाकडून शिकले
आणि त्याला वहीत दाबून टाकलं.

चौथ्याला बिबा.
मंगळवारच्या बाजारातून पाच आणले,
दाभणानं टोचून तेल काढलं,
परीट कापडावर खूण करतो तशी
रेघ कागदात रुतली, कधी न धुतली जाणारी.
रात्री हात उतला.
बोटांच्या बेचक्यांतून कोपरापर्यंत फोड,
झोप नाही, फुंकर पुरेना.
सकाळी पाहिलं तर बैल भिंतीशी शांत उभा,
त्याचं त्याला काहीच नाही.
दुखणं कागदाच्या अलीकडेच राहिलं होतं.

पट आठ दिवसांवर.
बोरखडीच्या माळावर चुना पडलेला,
लाऊडस्पीकर नुसताच हॅलो हॅलो म्हणत होता.

डोमाजी भोयरांच्या गोठ्यात
तुतारी खुंटीला टांगलेली असते,
टोकाला आर, नखाएवढी, घासून पांढरी.
मागितली.
"काहून व?"
"चित्राले."
तीस वर्षांचा धुरकरी पोट धरून हसला.
"घेऊन जा. पण वापस आनजो, शनिवारी लागते."

फवारणी पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला.
ना रंग, ना पाणी.
टोच. अर्ध्या बोटावर टोच.
पहिल्या टोचणीला मागे वळून पाहिलं,
कोणी बघत तर नाही ना.
दहाव्या टोचणीपर्यंत दात आवळलेले.
शंभराव्याला मी गुणगुणत होते.
हे कोणाला सांगितलं नाही,
इथं लिहिते.

संध्याकाळी पुठ्ठा दारात धरला
आणि उन्हाचा बैल उभा राहिला,
वशिंड, पोळी, मागचा दुमडलेला पाय,
सगळा छिद्रांचा.

शुक्रवारी डोमाजी तुतारी न्यायला आले.
चष्मा नव्हता. पुठ्ठा उलटा करून
पाठीमागच्या उचकटलेल्या टोकांवरून
अंगठा फिरवत राहिले,
शिंगापासून शेपटीकडे, हळू,
खरारा करतात तसा.
शेपटीच्या मुळाशी अंगठा थांबला.
"इथं नसते."
मग जरा खाली, मांडीच्या आतल्या अंगाला, जिथं केस पातळ असतात:
"इथं. इथं टोचलं का जनावर जीव घेऊन पयते."
खोलीत कोणी काही बोललं नाही.
त्यांनी आर उचलली
आणि ते एक छिद्र स्वतः पाडलं, नेमकं,
मला तसं जमलं नसतं.

पोस्टर पानठेल्यावर लावलं, मागे बल्ब.
खाली कागदाची पट्टी, खळीनं चिकटवलेली: यालाही दुखते.
पहाटे कोणाची तरी शेळी
खळीसकट अक्षरं खाऊन गेली.
बैल तेवढा राहिला, बल्ब विसरल्यामुळे पेटलेला.

शनिवारी पट झाला.
डोमाजी उतरले की नाही
ते मला माळावर जाऊन पाहायचं नव्हतं, मी गेले नाही.
दुपारी ते दाराशी आले,
माझ्या हाताकडे बघून म्हणाले,
"अजून चरचरते काय? खोबऱ्याचं तेल लाव."
हातात तुतारी होती.
टोक त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं होतं,
मला दिसू नये म्हणून
की आर काढली होती म्हणून,
विचारायचं राहून गेलं.